रक्ताआधी हवा तपासा

गेल्या महिन्यात सांगलीत कामगारांच्या आरोग्यावर एक छोटा परिसंवाद झाला. उद्योजक होते, डॉक्टर होते, दोन-तीन कामगार संघटनांची माणसे होती. विषय तसा नेहमीचाच, पण सभा तापली ती एका सूचनेवरून. रसायनांशी रोजचा संबंध येणाऱ्या खात्यात माणूस घेण्याआधी त्याची जनुकीय चाचणी करावी, म्हणजे ज्याचे यकृत जन्मतःच नाजूक आहे तो गेटवरच कळेल आणि पुढची सगळ्यांचीच डोकेदुखी वाचेल, असे एका वक्त्याने सुचवले. त्यावर कामगारांच्या बाजूने उत्तर आले की जनुके वगैरे सगळे थोतांड आहे, यकृत बिघडते ते फक्त रसायनाने. लगेच समोरून टोला आला की निम्मे तर पिऊनच कामावर येतात, त्यांच्या यकृताचा हिशेब कारखान्याने का द्यायचा? दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. ज्या हवेत ही माणसे आठ-आठ तास श्वास घेतात, तिच्याबद्दल मात्र दोन तासांत एकही प्रश्न आला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जनुकांचा परिणाम खरा आहे आणि तो नाकारून कामगारांचे काहीही भले होणार नाही. पण त्या ज्ञानातून जो निष्कर्ष काढला जातो आहे तो उफराटा आहे. एकाच हवेत काही माणसे इतरांच्या आधी आजारी पडतात हे कळल्यावर हवेची मर्यादा त्या माणसांना धरून ठरवायची असते. हवा आहे तशी ठेवून तिला सोसतील अशी माणसे निवडणे हा आरोग्याचा नव्हे, भरतीचा कार्यक्रम झाला.

हे मी बाहेरून बोलत नाही. अठ्ठावीस वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी कुपवाडच्या आणि नंतर शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत. एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीन या तेल विरघळवणाऱ्या रसायनाच्या वाफेत धुऊन त्यांचे तेल काढले जाई. टाकीच्या तळाशी द्रव ८७ अंशांना उकळतो, वाफ वर चढते आणि काठाच्या थोडे खाली फिरवलेल्या थंड पाण्याच्या नळीला लागून पुन्हा द्रव होऊन खाली पडते. नळीत पाणी फिरते तोवरच वाफ टाकीत राहते. एप्रिल-मे उजाडून टँकरने पाणी येऊ लागले की कारखान्यात सगळ्यात आधी बंद होई तो याच नळीचा कॉक, कारण उत्पादन त्यावाचून अडत नसे. ही वाफ हवेपेक्षा साडेचारपट जड. ती वर उडून जात नाही. काठावरून ओघळते आणि जाळी उचलायला वाकलेल्या माणसाच्या थेट नाकातोंडात जाते. त्या टाकीवर दोघे होते, एक कवठेमहांकाळकडचा, दुसरा बुधगावचा. पहिल्याचे डोळे पिवळे झाले. त्याने आधी गावाकडे झाडपाल्याचे औषध घेतले, पंधरा दिवस तेल-तिखट सोडले आणि मग मिरजेत रक्त तपासले, तर यकृताला इजा झाली की वाढणारे एसजीपीटी चारशेच्या वर. कामावर आला तेव्हा तो कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सायेब, आमी दोघं एकाच टाकीवर. त्येला कायबी न्हाई, मग मलाच कसं?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. आज निम्मे आहे, आणि ते विरोधी बाजूचे आहे, म्हणून आधी तेच मांडतो. कारखान्यातली पुष्कळ रसायने शरीरात जातात तेव्हा जेवढी घातक असतात, त्याहून अधिक घातक ती यकृतात गेल्यावर होतात. ट्रायक्लोरोएथिलीन, ज्यापासून पीव्हीसी प्लास्टिक बनते ते व्हिनाइल क्लोराइड, कार्बन टेट्राक्लोराइड, औषधनिर्मितीत आणि कृत्रिम चामड्यात वापरले जाणारे डायमिथाइल फॉर्मामाइड, या सगळ्यांवर सीवायपी२ई१ नावाचे एन्झाइम काम करते आणि त्यातून मूळ रसायनापेक्षा उपद्रवी पदार्थ तयार होतात. मग ग्लुटाथायोन हे यकृतातले बचावाचे द्रव्य आणि त्याच्या मदतीची एन्झाइमे त्यांना निकामी करून बाहेर काढतात. विष तयार होण्याचा वेग आणि ते निकामी करण्याची ताकद, दोन्ही माणसागणिक वेगळी. जीएसटीटी१ हे मदतीचे जनुक तर कित्येकांच्या शरीरात मुळातच नसते. तैवानमधल्या पीव्हीसी कारखान्यांतील कामगारांच्या अभ्यासांत सीवायपी२ई१ आणि जीएसटीटी१ यांच्या जनुकांच्या प्रकारांचा आणि यकृताच्या बिघडलेल्या चाचण्यांचा संबंध दिसून आला आहे. २००८ मध्ये पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार सापडला, जो ज्याच्या अंगी असेल त्याच्या यकृतात चरबी साठण्याची शक्यता वाढते. तेव्हा 'एकाच टाकीवर दोघे, मग मलाच कसे' या प्रश्नाचे उत्तर जन्माशी काही अंशी निगडित असू शकते, हे मान्य केलेच पाहिजे.

दारूचेही तसेच. तो टोला खवचट होता, पण बिनबुडाचा नव्हता. नियमित पिणाऱ्याच्या यकृतात हेच सीवायपी२ई१ वाढलेले असते, म्हणजे विष तयार करणारी भट्टीच मोठी झालेली असते. डायमिथाइल फॉर्मामाइडवर काम केलेल्या माणसाने संध्याकाळी थोडी जरी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. जुने कामगार हे आपसात सांगतात आणि दारूच भेसळीची होती असे समजतात. पण अर्ध्या सत्यावर पूर्ण निकाल देता येतो का? अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिल शहरात व्हिनाइल क्लोराइडच्या मोठ्या संपर्कात आलेल्या आणि न पिणाऱ्या किंवा अगदी थोडी पिणाऱ्या २५ कामगारांच्या यकृताचे नमुने तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुसंख्यांच्या यकृतात, पिणाऱ्यांच्या यकृतात दिसते तशी चरबी आणि सूज आढळली. ते लठ्ठही नव्हते. आणखी अडचणीची गोष्ट अशी की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रक्ततपासणीत यकृताची एन्झाइमे ठीकठाक होती. म्हणजे आपण ज्या एसजीपीटीच्या आकड्यावर दरवर्षी माणसाला 'फिट' म्हणून शिक्का मारतो, तो आकडाच गप्प बसू शकतो. मग बुधगावच्या त्या दुसऱ्या गड्याला 'काही नाही' हे आम्ही कशावरून ठरवले होते? गेटवर तपासणीची गाडी आली होती, दोन तासांत सव्वाशे माणसे तपासून झाली होती आणि शर्टावरूनच स्टेथोस्कोप लावला होता, यावरून.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र याहून वेगळा आहे, आणि परिसंवादात तो कोणी मांडलाच नाही. ट्रायक्लोरोएथिलीनमुळे काही कामगारांना पहिल्या काही आठवड्यांतच ताप येतो, अंगभर भयंकर पुरळ उठते आणि यकृत सुजते. यात माणसे दगावतात. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांत एचएलए-बी*१३:०१ हा जनुकीय प्रकार सापडला, तर त्याच रसायनावर काम करूनही ठणठणीत राहिलेल्यांत तो दहातल्या एकाच्या आसपास होता. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोन या आपल्याकडे सर्वपरिचित औषधाची जी जीवघेणी ॲलर्जी काहींना येते, तिच्याशीही हाच प्रकार जोडलेला आहे. मग डॉक्टर औषध देण्याआधी चाचणी करू शकतो तर कारखान्याने कामावर घेण्याआधी का करू नये? एक जीव वाचत असेल तर तत्त्वाच्या गोष्टी कशाला?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर तपशिलाने द्यायला हवे. औषध आणि वाफ यांत फरक आहे. औषध रोग्याच्या भल्यासाठी दिले जाते. चाचणीत धोका दिसला तर त्याला दुसरे औषध मिळते आणि तो बराच होतो. कारखान्यातली वाफ कामगाराच्या भल्यासाठी नसते, आणि चाचणीत धोका दिसला तर त्याला मिळतो तो घरचा रस्ता. शिवाय त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की आजारी पडलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या अंगी ते जनुक नव्हतेच. चाचणी उत्तीर्ण होऊन ही माणसे टाकीवर उभी राहिली असती, आणि 'तुम्ही सुरक्षित आहात' असा कागद खिशात घेऊन. उलट हे जनुक असलेल्यांपैकीही बहुतेक जण आजारी पडत नाहीत. आणि हे तर सर्वांत ठळक उदाहरण. एरवीच्या जनुकांचा परिणाम यापेक्षा कितीतरी फिका असतो.

तो फिका परिणाम व्यवहारात कसा उतरतो, याचा हिशेब कागदावर करून पाहावा. समजा, एका खात्यात १०० माणसे आहेत, त्यांतल्या ३० जणांच्या अंगी एक 'नाजूक' जनुक आहे आणि त्यामुळे त्यांचा धोका इतरांच्या दुप्पट आहे. इतरांपैकी दर दहांत एक आजारी पडतो, यांच्यापैकी दर दहांत दोघे. म्हणजे ७० मधून ७ आणि ३० मधून ६, एकूण १३ आजारी. आता चाचणी करून ते ३० काढले आणि त्यांच्या जागी 'मजबूत' असे ३० भरले, तर आजारी १० होतील. तीन आजार टाळण्यासाठी आपण ३० जणांची रोजी घेतली, त्यांतल्या २४ जणांना काहीच होणार नव्हते, आणि उरलेले दहा आजारी तसेच राहिले. तेच टाकीवर झाकण बसवून, नळीचे पाणी चालू ठेवून सगळ्यांचाच धोका निम्म्यावर आणला असता, तर १३ चे साडेसहा झाले असते आणि एकालाही घरी बसावे लागले नसते. आकडे माझे, उदाहरणापुरते आहेत. पण जनुक जितके जास्त लोकांत आढळणारे आणि त्याचा परिणाम जितका सौम्य, तितका हा हिशेब चाचणीच्या विरोधात जातो. यकृताच्या बाबतीत माहीत असलेली बहुतेक जनुके याच वर्गातली आहेत.

इतिहासात हा प्रश्न आपल्या आधी येऊन गेलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या मुलींची त्वचा पिवळी पडे, म्हणून लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्यावरून 'कॅनरी' म्हणत. त्यांतल्या कित्येकींना विषारी कावीळ झाली आणि शंभराहून अधिक कामगार त्यात मेले. सगळ्यांना होत नाही, काहींनाच होते, तेव्हा या काहींच्या प्रकृतीतच दोष असावा, ही चर्चा त्या काळीही झाली. पण आजार आटोक्यात आला तो प्रकृती पारखून नव्हे. भरणी बंद यंत्रांत गेली, वायुवीजन सुधारले, हाताचा संपर्क तोडला, कामाच्या पाळ्या बदलत्या ठेवल्या, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षी रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. त्याच सुमारास विमानांच्या कापडी पंखांना लावायच्या लेपातल्या टेट्राक्लोरोएथेनमुळे कामगारांची यकृते जात होती. तिथे तर ते द्रावकच बदलले गेले.

व्हिनाइल क्लोराइडची कथा अजून बोलकी आहे. १९७४ च्या जानेवारीत लुईव्हिलच्याच पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत यकृताचा अँजिओसार्कोमा हा अतिदुर्मीळ कर्करोग एकामागून एक सापडल्याचे जाहीर झाले. तेव्हा तिथली परवानगीची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग होती. ती एका भागावर आणायचे ठरले तेव्हा उद्योगाने सांगितले की हे तंत्रदृष्ट्या अशक्य आहे, कारखाने बंद पडतील, लाखो लोक बेकार होतील. मर्यादा १९७५ मध्ये लागू झाली, कारखाने चालू राहिले, पीव्हीसी आजही आपल्या शेतातल्या पाइपांपासून सगळीकडे आहे. पाचशेवरून एकावर. त्या वेळी जर जनुकीय चाचणी हाताशी असती, तर हे पाचशेचे एक झाले असते का, की 'नाजूक' माणसे वगळून पाचशेच चालू राहिले असते? माझा चाचणीवरचा खरा आक्षेप हा आहे. ती चुकीचे उत्तर देते यापेक्षा, ती मूळ प्रश्न विचारायची गरजच संपवते.

एका बाप-लेकांची गोष्ट इथे आठवते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी सोबत नेण्याची कल्पना रूढ केली. विषारी वायूने माणसाच्या आधी पक्षी मान टाकतो आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, त्यांनी १९३८ मध्ये लिहिले की बहुतेक कुंभारकामगार ब्राँकायटिसने मरत नाहीत, तेव्हा ज्यांच्यात तो होण्याची जन्मजात प्रवृत्ती आहे त्यांना त्या धंद्यात घेतलेच नाही तर हा आजार नाहीसा करता येईल. त्याच ठिकाणी कारखान्यांतील स्वच्छतेचे मान लाजिरवाणे आहे, असेही ते म्हणून गेले होते. पण पुढच्यांनी उचलला तो पहिला भाग. मला बापाचे शास्त्र जास्त पटते. कॅनरी कोसळल्यावर खाणीतले लोक बाहेर पळत. पुढच्या वेळी जास्त टणक पक्षी आणू या, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आणि आपल्या देशात या गोष्टीला एक कंगोरा आहे, जो बाहेरच्या पुस्तकांत मिळणार नाही. शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने होत आल्यामुळे आपल्याकडे जनुकांचे प्रकार जातींगणिक आणि जमातींगणिक कमीजास्त सापडतात. सिकलसेल आदिवासी समूहांत जास्त, हे सर्वांना माहीत आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आर्य वैश्य समाजातली एका एन्झाइमची उणीव ठाऊक असते. अशा देशात गेटवरची जनुकीय चाचणी फार दिवस प्रयोगशाळेत राहील का? चाचणीला पैसे लागतात, आडनाव विचारायला लागत नाहीत. अमुक समाजाची माणसे या खात्यात नकोत, त्यांना सोसत नाही, असा अलिखित नियम व्हायला दोन हंगाम पुरतील. अमेरिकेत नेमके हेच झाले: सिकलसेलचे फक्त वाहक असलेल्या, स्वतः आजारी नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. तिथे २००८ मध्ये नोकरी आणि आरोग्यविम्यात जनुकीय भेदभावाला बंदी घालणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले. जन्मावरून माणसाचे काम ठरू नये हे ज्या मातीत एवढ्या कष्टाने शिकलो, तिथे ते रक्ताच्या बाटलीतून परत येऊ द्यायचे का?

कायद्याचा मुद्दा थोडक्यात, पण तो पैशाचा आहे म्हणून वगळता येत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ मध्ये असलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आलेल्या नियमानुसार, अनुसूचीत दिलेल्या कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला त्या कामाशी जोडलेला अनुसूचित आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते, जोवर विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर. ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बनांच्या विषबाधेचे आजार त्या अनुसूचीत आहेत. कामगाराच्या पदरात कायद्याने टाकलेली ही एवढीच मोठी गोष्ट: सिद्ध करण्याचे ओझे मालकावर. आता भरतीच्या फायलीत जनुकीय अहवाल असेल तर विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेलाच काय वाचून दाखवेल, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतही विषारी पदार्थांमुळे झालेली कावीळ कळवण्याजोग्या आजारांत होती. व्यवस्थापकाने आणि डॉक्टरने ती कळवायची असे. माझ्या अठ्ठावीस वर्षांत मी ती कळवण्याचा फॉर्म एकदाही भरलेला पाहिला नाही. कवठेमहांकाळच्या त्या माणसाच्या वेळी तो मीही पुढे सरकवला नाही, साध्या सुट्टीच्या अर्जावर भागवले. हे लिहिताना बरे वाटत नाही.

म्हणजे जनुकीय ज्ञान कपाटात बंद ठेवायचे का? मुळीच नाही. मर्यादा ठरवणाऱ्यांनी ते वापरावे: 'सरासरी निरोगी तरुण' धरून काढलेला आकडा चालणार नाही, ज्यांच्यात जीएसटीटी१ नाही तेही त्या हवेत सुरक्षित राहिले पाहिजेत. कामगाराला स्वतःला जाणून घ्यायचे असेल तर त्याने आपल्या डॉक्टरकडे जाऊन जाणावे, अहवाल त्याचा राहावा, आणि त्याने खाते बदलून मागितले तर पगार व सेवाज्येष्ठता न गमावता मिळावे. ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या, जीव घेऊ शकणाऱ्या ॲलर्जीच्या बाबतीत तर खरा उपाय ते द्रावक बदलण्याचा आहे. पाण्यावर आधारित धुलाई आज बऱ्याच कामांना चालते. जिथे चालतच नाही तिथे पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला नव्या माणसाची त्वचा, ताप आणि यकृत तपासले तर जनुक असलेला आणि नसलेला, दोघेही वेळेत सापडतात.

कुपवाडचा लहान कारखानदार म्हणेल की हे सगळे मोठ्या कंपन्यांना शोभते, माझे वीस माणसांचे युनिट आहे. त्याची अडचण मला ठाऊक आहे. बँकेचा हप्ता, मोठ्या कंपनीकडून सहा-सहा महिने अडकलेले बिल, सगळे पाहिले आहे. पण जनुकीय चाचणी तरी फुकट आहे का? वीस माणसांच्या चाचण्यांच्या पैशात टाकीचे झाकण होते, आणि नळीचे पाणी पुन्हा पुन्हा फिरवायला एक लहान कूलिंग टॉवर बसला तर उन्हाळ्यात टँकरचा प्रश्नच उरत नाही. माणसे इकडे बदलत राहतात, ठेकेदार तर दर सहा महिन्यांनी नवी तुकडी आणतो. प्रत्येक तुकडीचे रक्त कितीदा तपासणार? टाकी एकच आहे.

त्या परिसंवादाची दुसरी बैठक दिवाळीनंतर ठरली आहे आणि चाचणीच्या सूचनेवर तिथे मत घेणार आहेत. मी जाणार आहे. मत देण्याआधी प्रत्येक उद्योजकाकडे एकच कागद मागणार आहे: आपल्या खात्यातली हवा शेवटची कधी मोजली, कोणत्या महिन्यात, आणि त्या वेळी नळीचा कॉक उघडा होता की बंद.